चारीच्या टेलला पाणी का पोचत नाही, आणि कुठेकुठे का पोचतं

"सगळ्यांनी मिळून करूया" असं कोणी म्हटलं की अर्धे लोक माना डोलावतात आणि उरलेले मनातल्या मनात हिशोब मांडतात, की यात माझा किती वेळ जाणार, पैसे किती जाणार आणि फुकटचं खाणारा कोण निघणार. या हिशोब मांडणाऱ्यांना आपण कुजकट म्हणतो. पण खरं सांगायचं तर सहकार्य टिकवायचं असेल तर सुरुवात त्यांच्या हिशोबापासूनच करावी लागते, बाकी "एकीचं बळ" वगैरे भाषण दुसऱ्या मीटिंगपर्यंतच पुरतं.

एकत्र काम करणं अवघड का जातं आणि जमलं तर त्यातून काय मिळतं, हे सोपं करून सांगायला मी कालव्याचं पाणी निवडलंय. ऑफिसमधल्या टीममध्ये कोणी काम टाळलं तर ते लपवता येतं, पाण्याचं तसं नाही, कोणाच्या शेतात गेलं आणि कोणाचं कोरडं राहिलं हे उघड्यावर दिसतं. शिवाय या बाबतीत आपल्याकडे तीनशे-चारशे वर्षांचा अनुभव पडलेला आहे, चांगला आणि वाईट दोन्ही.

शहरात राहणाऱ्यांसाठी आधी दोन ओळी. धरणातून मुख्य कालवा निघतो, त्याला जागोजागी गेट असतात, गेटमधून चारी निघते, चारीतून पोटचाऱ्या आणि तिथून शेतात पाणी. चारीच्या तोंडाशी ज्याचं शेत तो हेडवाला, शेवटी ज्याचं तो टेलवाला. पाणी रोज नसतं, ठराविक दिवसांनी सोडतात, त्याला आवर्तन म्हणतात, आणि आवर्तनात कोणी कधी किती तास पाणी घ्यायचं याची पाळी लावलेली असते. कागदावर सगळं व्यवस्थित आहे. आता रात्री दोन वाजता चारीवर काय होतं ते बघा.

"आबा, झालं का तुमचं? आमची पाळी एकला होती."

"झालंच बघ. दोन वाफे राहिलेत, तेवढे भिजवतो आन् सोडतो तुझ्याकडं."

ते दोन वाफे पहाटे चारपर्यंत भिजत राहतात आणि पोरगा खांद्यावर फावडं घेऊन बांधावर बसून राहतो. भांडला तर आबा वडिलांच्या वयाचे, नाही भांडला तर हरभरा जातो.

आता यात आबा वाईट माणूस आहेत का? तर अजिबात नाही, अडीअडचणीला रात्री गाडी काढून दवाखान्यात नेणारा माणूस आहे तो. पण पुढचं आवर्तन वेळेवर सुटेल याची त्यांना खात्री नाही, म्हणून आज मिळतंय तोवर जमीन तुडुंब भरून घ्यायची. दुसरं म्हणजे पाणीपट्टी पिकावर आणि हेक्टरवर लागते, किती पाणी घेतलं त्यावर नाही, म्हणजे दोन तास जास्त घेतले तरी बिल तेवढंच. आणि तिसरं, मी वेळेवर सोडलं तरी मधल्यांपैकी कोणीतरी उचलणारच आहे, मग मीच का सोडू? ही तीन कारणं कोणाच्याही डोक्यात बसवा, तोही आबांसारखाच वागेल. मीसुद्धा.

गणित करून बघू. समजा एका चारीवर वीस शेतकरी आहेत, प्रत्येकाला १० तास, म्हणजे एकूण २०० तासांचं पाणी. वरच्या दहा जणांनी फक्त दोन दोन तास जास्त घेतले. झाले २० तास, म्हणजे शेवटच्या दोघांचं पूर्ण पाणी संपलं. वरच्या दहा जणांना त्या जास्तीच्या दोन तासांनी काय मिळालं? फार काही नाही, उलट काळ्या जमिनीत सारखं जास्त पाणी दिलं तर जमीन चोपण म्हणजे घट्ट, नापीक होते, मीठफुटी होते. म्हणजे दहा जणांचा किरकोळ फायदा, तोही नक्की नाही, आणि दोघांचा हंगाम गेला. एकूण गावाचा तोटा झाला पण कोणीही एकट्याने मोठं पाप केलेलं नाही, प्रत्येकाने फक्त दोन वाफे जास्त भिजवले.

पण हे इथे थांबत नाही ना. पाणी न मिळालेले दोघे पुढच्या वर्षी चारीतला गाळ काढायला येत नाहीत, आणि का यावं त्यांनी? मग गाळ तसाच राहतो, वेडी बाभळ वाढते, पाणी संथ होतं, आणि आता शेवटच्या दोघांऐवजी शेवटच्या पाच जणांना पाणी पोचत नाही. मग कोणीतरी रात्री कालव्यात डोंगळा टाकतो, म्हणजे पाइप टाकून सायफनने पाणी ओढायचं. एकाने टाकला की आठ दिवसात चार दिसतात. मग गेटचं कुलूप तुटतं, मग गेटच जातं. पाटबंधारे खात्याचा माणूस येऊन बघून जातो, एकट्याने तो तरी काय करणार. आणि मग गावात जे वाक्य फिरतं ते सगळ्यांना माहीत आहे, "आपल्या लोकांना एकत्र काम करताच येत नाही."

मला हे वाक्य पटत नाही. लोक तेच असतात, मांडणी बदलली की वागणं बदलतं, आणि याला पुरावा आहे.

१९६५ मध्ये मान्सर ओल्सन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक साधी पण टोचणारी गोष्ट मांडली, की गट मोठा असेल आणि फायदा सगळ्यांनाच मिळणार असेल, काम केलं काय नाही केलं काय, तर शहाणा माणूस काम करणारच नाही, दुसऱ्याची वाट बघेल. सोसायटीच्या पार्किंगपासून गावच्या पाझर तलावापर्यंत सगळीकडे हे लागू पडतं. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, गॅरेट हार्डिनने सामायिक कुरणाचं उदाहरण देऊन लिहिलं की जे सगळ्यांचं असतं ते शेवटी उजाड होतं, प्रत्येकजण एक जनावर जास्त सोडत जातो आणि कुरण संपतं. यावर उपाय दोनच धरले गेले, एकतर सरकारच्या ताब्यात द्या नाहीतर वाटण्या करून खाजगी करा. पुढची वीस-पंचवीस वर्षं जगभरातल्या सरकारांना हे फार सोयीचं वाटलं, आपल्याकडेही धरण, कालवा, गेट, चावी सगळं खात्याकडे आणि शेतकरी म्हणजे अर्ज भरणारा, सात नंबरचा फॉर्म घेऊन पाणी मागणारा.

मग एलिनॉर ऑस्ट्रम नावाच्या अमेरिकन अभ्यासक आल्या. या बाईंनी वेगळं काय केलं, तर तर्क बाजूला ठेवून प्रत्यक्ष लोक काय करतात ते बघितलं. स्वित्झर्लंडमधली डोंगरी कुरणं, जपानमधली गावांची सामायिक रानं, फिलिपिन्स आणि स्पेनमधले पाट, नेपाळमधले कुलो म्हणजे तिथले पाटच. आणि त्यांना दिसलं की शेकडो वर्षं लोकांनी सरकारशिवाय आणि वाटण्या न करता सामायिक गोष्टी सांभाळलेल्या आहेत, सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. गंमत म्हणजे त्या मूळच्या राज्यशास्त्राच्या.

त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातली नेपाळची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते, कारण ती आपल्या सगळ्या समजुती उलट्या करते. नेपाळमध्ये दोन प्रकारचे पाट होते. एक शेतकऱ्यांनी स्वतः बांधलेले, दगड, माती, झाडाच्या फांद्या रचून नदीला केलेला कच्चा बांध, जो दर पावसाळ्यात वाहून जायचा आणि दरवर्षी सगळ्यांनी मिळून परत घालावा लागायचा. दुसरे सरकारने किंवा परदेशी मदतीतून बांधलेले, पक्के, सिमेंटचे, इंजिनियरने डिझाइन केलेले. टेलला पाणी कुठे जास्त पोचत होतं? कच्च्या बांधाच्या पाटावर.

कारण विचार केला तर एकदम सरळ आहे. बांध दरवर्षी घालायचा म्हणजे माणसं लागतात, हेडवाल्यांच्या एकट्याच्या हाताने ते होत नाही, टेलवाल्यांची गरज पडते. आणि टेलवाला म्हणतो, येतो की, पण मला पाणी मिळणार असेल तरच. ही सौदेबाजीची ताकद त्याच्याकडे त्या कच्च्या बांधामुळे होती. पक्का बांध झाल्यावर देखभालीचं काम जवळपास संपलं, हेडवाल्याला टेलवाल्याची गरज उरली नाही, आणि गरज संपली तसं पाणीही आटलं. इंजिनियरने पाण्याची गळती थांबवली आणि नकळत माणसांमधला व्यवहार मोडला.

म्हणून माझ्या मते सहकार्याची खरी परीक्षा ही, की वरच्याला खालच्याची गरज आहे का? असेल तर बाकीचं जमवता येतं. नसेल तर ती मुद्दाम तयार करावी लागते.

आणि ती कशी तयार करायची हे बघायला परदेशात जायची गरज नाही, धुळे आणि नाशिक जिल्ह्यात या. पांझरा, मोसम आणि आरम या नद्यांवर फड पद्धत होती, अजूनही काही गावांत तिचं काही ना काही शिल्लक आहे. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून दोन ते बारा किलोमीटर लांबीचा पाट, त्याला चाऱ्या, आणि खाली गावाची बागायत जमीन साधारण चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एका तुकड्याला फड म्हणायचं. एक फड दहा हेक्टरचा असू शकतो नाहीतर दोनशेचा. आणि एका फडात एकच पीक. या फडात ऊस तर सगळ्यांचा ऊस, त्या फडात गहू तर सगळ्यांचा गहू.

इथपर्यंत ऐकून वाटतं की हा काय जुलूम, माझ्या शेतात मी काय लावायचं ते गाव ठरवणार? पण खरी करामत पुढे आहे. शक्यतो प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असायची. म्हणजे जो माणूस पहिल्या फडात हेडला आहे तोच तिसऱ्या फडात टेलला असू शकतो. आता आबा काय करतील? इथे दोन तास जास्त घेतले तर तिकडे स्वतःचंच शेत दुसऱ्या कोणाच्या तरी दोन तासांमुळे कोरडं राहणार. त्यांना कोणी उपदेश करायची गरज नाही, पाळी वेळेवर सोडण्यातच त्यांचा फायदा.

दुष्काळाचं तर अजून सुंदर. नदीला पाणी कमी असलं की पंच बसून ठरवायचे, यंदा चारपैकी तीनच फड भिजवायचे, किंवा दोनच. पडीक ठेवलेल्या फडात सगळ्यांचीच थोडी जमीन आहे, म्हणून तोटा सगळ्यांना थोडा थोडा. आपल्या आजच्या कालव्यावर पाणी कमी पडलं तर काय होतं? वरच्यांचं पूर्ण भिजतं आणि खालच्यांचं पूर्ण जळतं. एकच पीक असल्याचा आणखी एक फायदा असा की पाण्याच्या फेऱ्या सारख्या येतात, हिशोब सोपा, माझा ऊस आहे मला जास्त पाहिजे असं म्हणायला जागाच नाही, राखणही एकत्र होते आणि दरवर्षी फडाचं पीक बदलत गेल्याने जमिनीचा पोतही टिकतो.

या व्यवस्थेला माणसं होती. पाणी सोडणारा पाटकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, वरून देखरेख करणारा हवालदार. यांची मजुरी शेतकरीच द्यायचे, त्यामुळे ते शेतकऱ्यांना जबाबदार. आणि महत्त्वाचं म्हणजे पाण्याची फेरी पाटकऱ्याच्या हातात, शेतकऱ्याने स्वतः जाऊन दारं उघडायची नाहीत. हा छोटासा नियम किती भांडणं वाचवतो ते रात्री चारीवर गेलेल्या माणसालाच कळेल. आबांना "सोडा आता" म्हणायची वेळ त्या पोरावर येतच नाही, पाटकरी येतो आणि दार बंद करतो, त्याला दोघंही सारखेच.

ऑस्ट्रमबाईंना जगभर जे नियम दिसले त्यातले बरेच इथे आपोआप सापडतात. कोण आत आणि कोण बाहेर हे स्पष्ट, नियम तिथल्याच लोकांनी केलेले, लक्ष ठेवणारा आपलाच माणूस, भांडण मिटवायची जागा जवळ आणि फुकट. स्पेनमध्ये व्हॅलेन्शिया शहरात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांनी निवडलेले पंच बसतात आणि पाण्याच्या तक्रारी तोंडी ऐकून तिथल्या तिथे निकाल देतात, वकील नाही, तारखा नाहीत. हे शतकानुशतकं चालू आहे. आपल्याकडे पाण्याची तक्रार सेक्शन ऑफिसला दिली तर उत्तर येईपर्यंत पीक खळ्यावर आलेलं असतं.

त्यातला एक नियम लोकांना उलटा वाटतो, तो म्हणजे शिक्षा पहिल्यांदा छोटी ठेवायची. आपल्याकडे गट सुरू होतानाच जोशात ठराव करतात, पाणी चोरलं तर पाच हजार दंड आणि कनेक्शन बंद. मग पहिला चोर सापडतो तो अध्यक्षाचा मेव्हणा, पाच हजार कोण मागणार, विषय दाबला जातो, आणि त्या दिवशी नियम मेला. त्याऐवजी पहिल्यांदा फक्त सगळ्यांसमोर नाव वाचायचं, दुसऱ्यांदा शंभर रुपये, तिसऱ्यांदा एक पाळी बंद. छोटी शिक्षा देणं सोपं असतं म्हणून ती खरंच दिली जाते, आणि एखाद्याने खरोखर अडचणीत पाणी घेतलं असेल तर त्याला तोंड लपवून गट सोडावा लागत नाही. लोकांना मुळात जाणून घ्यायचं असतं की इतर पाळतायत का, मीच एकटा येडा ठरतोय का. लहानसा दंड खरंच वसूल झाला की त्याचं उत्तर मिळतं.

बरं, फडाची जमीन पिढ्यानपिढ्यांची होती, आज नव्याने अशी वाटणी कोण करून देणार? बरोबर आहे. म्हणून दोन नवीन उदाहरणं.

पहिलं पुरंदर तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी नायगावला काम सुरू केलं, त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. त्यांनी वाटपाचा पायाच बदलला. पाणी जमिनीच्या हिशोबात द्यायचं नाही, माणसांच्या हिशोबात द्यायचं. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर एवढ्याच जमिनीला पाणी. पन्नास एकरवाला असो की पाचवाला, घरात पाच माणसं तर अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. ऊस बंद. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. आणि योजनेच्या खर्चातले वीस टक्के लाभार्थ्यांनी आधी रोख भरायचे. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात, पण ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत तो मीटिंगला येतो, आणि ज्याला फुकट मिळालंय तो चहाला येतो. पुढे या सगळ्या योजना टिकल्या असं नाही, पण पाणी आणि जमीन वेगळे करता येतात हा विचार महाराष्ट्रात तिथून रुजला.

दुसरं ओझरचं, नाशिकजवळ. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात ओझर टेलला, म्हणजे कागदावर बागायत आणि प्रत्यक्षात कोरडं. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी शेतकऱ्यांना घेऊन १९९० च्या सुमारास तीन पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने खात्याकडून पाणी घाऊक घ्यायचं, मोजून, आणि आत वाटप स्वतः करायचं. इथे तो आबांचा दुसरा हिशोब बदलतो बघा, कारण आता पाणी मोजून येतं, ठरलेला कोटा आहे, वाया घालवलं तर तुमच्याच संस्थेचं संपलं. वाचवलं तर पुढच्या पाळीला तुमचंच. ओढ्या-नाल्यांवर बंधारे घालून त्यांनी कालव्याचं पाणी अडवलं, ते विहिरींना उतरलं, आणि ज्याला पाणी कधी मिळणार हे नक्की माहीत आहे तो द्राक्ष लावायची हिंमत करतो. ज्याला माहीत नाही तो हरभरा टाकून आकाशाकडे बघतो.

आणि मग टेलवाल्यांनी वर जाऊन बाकीच्या गावांना पटवलं, हळूहळू अख्ख्या प्रकल्पावर संस्था झाल्या आणि त्या सगळ्यांची मिळून एक प्रकल्प पातळीवरची संस्था झाली. महाराष्ट्राने २००५ मध्ये शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करायचा कायदा केला, त्यामागे अशा अनुभवांचा हात आहे. त्या कायद्यात संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल तिन्ही भागांचे प्रतिनिधी घ्यायची तरतूद आहे. म्हणजे फडात जमिनीने जे काम केलं ते इथे खुर्च्यांच्या वाटणीने करायचा प्रयत्न. जमिनीइतकं ते पक्कं नाही हे उघड आहे, खुर्ची मॅनेज होते.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर साखर कारखान्यांचंही थोडक्यात. सहकार म्हटलं की आपल्याला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना आठवतो, तो उभा करणारे विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण अभिजित बॅनर्जी (२०१९ चं नोबेल मिळालेले) आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहकारी कारखान्यांवर एक अभ्यास छापला. त्याचा गाभा असा, की कारखाना उसाला दर देतो तो सगळ्यांना सारखा, म्हणजे सगळा नफा दरात दिला तर तो छोट्यालाही त्याच्या टनांप्रमाणे मिळणार. पण दर थोडा दाबून पैसा कारखान्यातच ठेवला तर तो कुठे वापरायचा, कॉलेज की मंदिर की अजून काही, हे संचालक ठरवणार, आणि तिथे वजन मोठ्या बागायतदारांचं. सभासद एकसारखे होते, सगळे छोटे किंवा सगळे मोठे, तिथे दर बरा दिसला, आणि मिश्रण होतं तिथे दबलेला. म्हणजे एक माणूस एक मत असूनही ताकद सारखी होत नाही. मला वाटतं कुठल्याही गटात शिरताना लोक "अध्यक्ष कोण" विचारतात, त्याऐवजी "शिल्लक पैशाचं काय करता" विचारावं.

मग एवढा त्रास घेऊन मिळतं काय? पाणी तर मिळतंच, पण त्याखेरीज ज्या गोष्टी मिळतात त्या हिशोबाच्या वहीत येत नाहीत. झोप मिळते, हे मी गंमतीने म्हणत नाही. पाळी उद्या सकाळी आठला आहे आणि ती आठलाच येणार हे माहीत असलं की रात्र बांधावर काढावी लागत नाही, साप-विंचवाची भीती नाही, शेजाऱ्याशी दुश्मनी नाही. खात्याशी बोलताना एकट्या शेतकऱ्याला साहेब जेवायला गेलेत असं सांगतात, संस्थेच्या लेटरहेडवर पंधरा जण गेले की साहेब सापडतात. आणि जे लोक पाच वर्षं पाण्याचा हिशोब ठेवायला, प्रोसिडिंग लिहायला, भांडण असतानाही मीटिंग संपवून चहा प्यायला शिकतात त्यांना पुढे खतं एकत्र घेणं, माल एकत्र विकणं जड जात नाही. हे कौशल्य आहे, ते सरावाने येतं.

खर्चही सांगतो, कारण यशोगाथांमध्ये तो गाळलेला असतो. मीटिंगा. निर्णय हळू होतात, एकट्याने दहा मिनिटांत ठरवलं असतं त्याला तीन रविवार लागतात. आणि प्रत्येक गटात एक माणूस असतो जो सगळं ओढतो, बहुतेक वेळा सचिव. रजिस्टर त्याच्या घरी, चाव्या त्याच्याकडे, आवर्तन सुटलं की फोन त्याला, पाणी कमी आलं की शिव्या त्याला, आणि मानधन एवढं की मोबाइलचा रिचार्जसुद्धा धड निघत नाही. पहिली काही वर्षं तो उत्साहाने करतो, मग एक दिवस मुलीच्या लग्नासाठी किंवा तब्येतीमुळे बाजूला होतो आणि लक्षात येतं की संस्था म्हणजे तोच होता. मला बऱ्याच गटांच्या मरणाचं कारण भ्रष्टाचारापेक्षा हे जास्त वाटतं. याला उपाय फार कंटाळवाणा आहे, त्याला पैसे द्या, आणि दुसऱ्या दोघांना त्याचं काम शिकवून ठेवा. फड पद्धतीत पाटकऱ्याला मजुरी होती, समाजसेवा म्हणून तो पाणी वाटत नव्हता.

आता फड पद्धत एवढी हुशार होती तर ती विरळ का झाली? वरचा प्रश्न परत लावून बघा, वरच्याला खालच्याची गरज आहे का. वीज आली, मोटारी आल्या, ज्याची ऐपत होती त्याने फडातच विहीर काढली, मग बोअर घेतला. त्याला आता पाटाच्या पाळीची वाट बघायची गरज नाही आणि पंचांनी ठरवलेलं पीक लावायचीही नाही. गाळ काढायला तो कशाला येईल? असे चार-पाच जण बाहेर पडले की उरलेल्यांवर कामाचा बोजा वाढतो, मग अजून दोघे बाहेर पडतात. दुसरीकडे वर धरणं झाली, मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, आणि नदीला पाणी कधी येणार हे पंचांऐवजी खात्याच्या हातात गेलं. आणि वाटण्या होत होत एका भावाकडे पहिल्या फडातला तुकडा आणि दुसऱ्याकडे तिसऱ्या फडातला असं झालं, की तो हेड-टेल एकाच माणसात असण्याचा जो मूळ खिळा होता तोच निघाला. कोणी मुद्दाम मोडली नाही ती.

विहिरीची गंमत अशी की ती दिसायला खाजगी आहे पण तिच्यातलं पाणी पाटाच्या पाझराचंच असतं. पाट बंद पडला की दोन-तीन वर्षांत विहिरीही खोल जातात, आणि मग जो सगळ्यांच्या आधी बाहेर पडला तोच पाटाला पाणी सोडा म्हणून अर्ज घेऊन फिरतो. पण तोपर्यंत चारीवर कोणाचं तरी पत्र्याचं शेड उभं राहिलेलं असतं.

हल्ली अजून एक गुंता आहे आणि त्यावर कुठल्याच संस्थेकडे नीट उत्तर दिसत नाही. सात-बारा ज्याच्या नावावर तो पुण्याला किंवा नाशिकला नोकरीला, जमीन वाट्याने दुसऱ्याकडे. रात्री दारं धरतो वाटेकरी, गाळ काढायला येतो वाटेकरी, टेलला पाणी आलं नाही तर नुकसान त्याचं, पण संस्थेचा सभासद मालक, मत मालकाचं, आणि वार्षिक सभेची नोटीस जाते ती मालकाच्या नंबरवर, जो सभेच्या दिवशी ट्रॅफिकमध्ये असतो. काही गावांत मालकाचं साधं पत्र घेऊन वाटेकऱ्याला सभेत बसू देतात, बोलू देतात, मत नाही. मालक पत्र द्यायला घाबरतात, उद्या कुळाचा हक्क सांगेल म्हणून. पाणीपट्टीची थकबाकी मात्र सभेत वाचतात तेव्हा नाव मालकाचं असतं आणि मान खाली घालतो वाटेकरी.